कोल्हापूरचा रॉबर्ट आणि शेजारच्या खोलीतली ग्रेस

नमस्कार मंडळी,

आमच्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरात 'मंडळी' म्हणजे चर्चचे सगळे सभासद. 'आज मंडळीत कोण कोण आलं होतं?' असं आजी रविवारी दुपारी हमखास विचारायची. तेव्हा हा नमस्कार दोन्ही अर्थांनी घ्या.

आज जरा इतिहास सांगायचाय. निमित्त घरगुती आहे, म्हणून आधी ते सांगतो.

इथे न्यू जर्सीत आल्यापासून बरीच वर्षं मी आमच्या चर्चच्या तरुण संघात शुक्रवारी संध्याकाळी मदत करतो. हायस्कूलची पंचवीस-तीस मुलं. पिझ्झा, गिटार, अर्धा तास बायबल, मग गप्पा. गेल्या वर्षी बाहेरून एक पाहुणे मार्गदर्शक आले. उत्साही माणूस, बोलणं छान. त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे प्रत्येकापुढे पाच रिकामे चौकोन. उन्हाळ्यापर्यंत प्रत्येकाने पाच मित्र आणायचे, आला की चौकोनात तारा. श्रद्धा वाढते ती वाटल्याने, असं ते म्हणाले. वाक्य मला पटलं, पण तक्ता काही पचेना.

त्यातच आणखी एक गोष्ट झाली. माझ्या एका जुन्या मित्राची सोळा वर्षांची मुलगी शुक्रवारी येऊ लागली होती. मित्र पुण्याचा, घरात गणपती, दर वर्षी आरतीला आम्ही त्यांच्याकडे असतोच. पोरगी आमच्या लेकीची मैत्रीण. एका शुक्रवारी ती मला म्हणाली, "काका, मला समर कॅम्पला यायचंय. पण आईबाबांना फक्त पिझ्झाचं माहितीये. प्रार्थनेचं नाही सांगितलं मी." आणि भिंतीवर आमच्या लेकीच्या नावापुढे एक तारा चमकत होता. तो हिच्याच नावाचा.

त्या रात्री झोप लागली नाही. कॅम्पच्या फॉर्मवर सही घ्यायला दोन आठवडे होते. मी कपाटातली जुनी पुस्तकं काढली. आपल्या आधी या रस्त्याने कोण गेलं, त्यांचं काय झालं, हे बघण्याची माझी जुनी खोड आहे. आणि या बाबतीत रस्ता थेट आमच्या गावातूनच गेलेला निघाला.

कोल्हापूरकरांना वायल्डर मेमोरियल चर्च माहीत असेल. रॉयल गोल्ड वायल्डर हा अमेरिकन मिशनरी १८४६ साली भारतात आला. आधी अहमदनगरला होता, १८५२ मध्ये कोल्हापुरात आला. शाळा काढणं हा त्याचा ध्यास. त्याच्या बॉस्टनच्या मिशन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ च्या सुमारास हिंदुस्थानचा दौरा करून गेले. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. शाळांवर एवढा पैसा आणि वेळ नको, मातृभाषेतून उपदेश करा आणि मंडळ्या लवकर स्थानिक पाळकांच्या हाती द्या. दोघांचं बिनसलं. बोर्डाने हात काढून घेतला, तर हा गृहस्थ १८६१ मध्ये कुणाच्याही पगाराशिवाय, स्वतंत्रपणे पुन्हा कोल्हापुरात हजर! १८७० मध्ये त्याचं काम अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेलं. याच मिशनमध्ये पुढे डॉ. वानलेस आले आणि मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. आपल्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा कधी ना कधी त्या दवाखान्याची पायरी चढलेले असतील.

२ ऑगस्ट १८६३ रोजी वायल्डरला कोल्हापुरात मुलगा झाला. त्याचं नाव रॉबर्ट. त्याची थोरली बहीण ग्रेस. म्हणजे ही दोन पोरं पंचगंगेच्या काठी वाढली. आसपास कानावर मराठी, पोटात बहुधा आपलंच तिखट. १८७५ मध्ये वडिलांची तब्येत ढासळली आणि कुटुंब अमेरिकेत परतलं. रॉबर्ट तेव्हा बारा वर्षांचा. आणि घर कुठे केलं? प्रिन्स्टनला. माझ्या घरापासून गाडीने पस्तीस मिनिटं. म्हणजे बघा, कोल्हापूर सोडून न्यू जर्सीत स्थायिक होणारा मी काही पहिला नव्हे.

बारा वर्षांचं पोर परक्या मुलखात आणून सोडलं की त्याचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की रॉबर्टसाठी 'परका मुलूख' म्हणजे आईवडिलांचाच देश.

वडिलांनी १८७८ मध्ये प्रिन्स्टनहून 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचं मासिक सुरू केलं. रॉबर्ट तिथल्याच कॉलेजात गेला. १८८३ च्या सुमारास त्याने आणि काही मित्रांनी एक छोटं मंडळ काढलं. परदेशात सुवार्ता सांगायला जायची आमची तयारी आहे आणि इच्छाही, देवाने जाऊ दिलं तर, अशा अर्थाच्या एका वाक्यावर सही करायची. हे तरुण रविवारी दुपारी वायल्डरांच्या बैठकीच्या खोलीत जमायचे.

आणि ग्रेस? तीही माउंट होलिओकमधून शिकून आलेली, सुवार्तेचं वेड तिला भावापेक्षा कणभरही कमी नव्हतं. पण बैठक मुलांची. ती शेजारच्या खोलीत बसायची. बैठक चालू असेपर्यंत एकटीच प्रार्थना करायची. सगळे गेले की बहीणभाऊ दोघं मिळून पुन्हा प्रार्थना करायचे. मागणं काय, तर अमेरिकेच्या कॉलेजांतून हजार तरुण बाहेर पडू देत.

पुढचा प्रसंग ख्रिस्ती तरुण चळवळींच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे. १८८६ चा जुलै महिना. ड्वाइट मूडी या मोठ्या उपदेशकाने मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथे कॉलेजच्या मुलांचं शिबिर भरवलं. ऐंशीहून अधिक कॉलेजांतून २५१ विद्यार्थी आले, सगळे मुलगेच. बेत बायबल अभ्यासाचा होता, परदेशी मिशनचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हताच. नुकताच पदवीधर झालेला रॉबर्ट तिथे निघाला, तेव्हा ग्रेसने त्याला सांगितलं होतं, की या शिबिरातून शंभर जण उभे राहतील.

सुरुवातीला वीस-एकवीस जणांची तयारी होती. रॉबर्ट त्यांना घेऊन प्रार्थनेला बसायचा, फिरायला जाताना एकेकाला गाठून बोलायचा. मग एका संध्याकाळी वेगवेगळ्या दहा देशांची बाजू मांडणारी तीन-तीन मिनिटांची भाषणं झाली आणि वातावरणच बदललं. शेवटच्या दिवशी आकडा नव्याण्णववर होता, आणि निरोपाच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून असताना शंभरावा आत आला, असं सांगतात. त्या शंभरात कॉर्नेलचा एक विद्यार्थी होता, जॉन मॉट. पुढे १९४६ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं.

मी एकदा तिथे जाऊन आलोय. हिरवे डोंगर, खाली कनेक्टिकट नदी. पन्हाळ्यावरून खाली बघितल्यासारखं क्षणभर वाटतं. (कोल्हापूरकराला सगळीकडे पन्हाळाच दिसतो, हे मान्य!)

इथवर वाचून पाहुण्या मार्गदर्शकांना आनंदच होईल. बघा, शंभर तारे! पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

१८८६-८७ मध्ये रॉबर्ट वायल्डर आणि जॉन फोरमन हे दोघे अमेरिका-कॅनडातल्या दीडशेहून जास्त कॉलेजांतून फिरले. फोरमनही आपल्याकडचाच, लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा. वर्षभरात २१०६ सह्या जमल्या. ग्रेसने मागितल्या होत्या त्याच्या दुपटीहून जास्त! १८८८ मध्ये चळवळीला रीतसर रूप आलं, 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' असं नाव मिळालं, मॉट अध्यक्ष झाला. याच पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता, हे घोषवाक्य. १८९१ मध्ये क्लीव्हलंडला पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा सह्या होत्या सुमारे ६२००, आणि प्रत्यक्ष बोटीत बसून गेलेले ३२१.

सहासष्टशे नव्हे हो, बासष्टशे. मीही आधी चुकीचं वाचलं होतं. पण कसंही वाचलं तरी शंभरातले पाचच गेले. काही अजून शिकत होते हे खरं, सगळेच मागे फिरले असं नाही. तरी पण सभेच्या भरात, मित्राने केली म्हणून, नाही म्हणायला लाज वाटली म्हणून सही करणारेही होतेच. चळवळीच्या धुरिणांना हे कळत होतं. थोड्याच काळात त्यांनी त्या वाक्याला 'शपथ' म्हणणं बंद केलं आणि 'हेतूचं निवेदन' असं नाव दिलं. शब्दही साधे केले. माझा हेतू असा आहे, देवाने जाऊ दिलं तर. बस्स. हे मला फार मोलाचं वाटतं. आकडा वाढत असताना आपला शब्द सैल करायला धाडस लागतं. तक्ता लावणं सोपं, काढणं अवघड.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या चळवळीतून वीस हजारांच्या आसपास तरुण-तरुणी परदेशी गेले. कुणी डॉक्टर झाले, कुणी शिक्षक. पहिल्या महायुद्धानंतर नव्या पिढीचे प्रश्न बदलले. वंशभेद, युद्ध, गरिबी यांवर आधी बोला, असं विद्यार्थी अधिवेशनांतून म्हणू लागले, आणि चळवळ हळूहळू ओसरली.

आणि आमची भावंडं? वडील ऑक्टोबर १८८७ मध्ये गेले, पुन्हा हिंदुस्थानला निघायच्या तयारीत असतानाच. त्याच वर्षाअखेर ग्रेस आणि तिची आई परत निघाल्या, त्या थेट आपल्या मुलखात. भाऊ व्यासपीठं गाजवत होता, तेव्हा बहीण कोल्हापूर भागात बायकामुलींमध्ये काम करत होती. तिच्या नावावर आकडे नाहीत.

रॉबर्टही १८९२ च्या अखेरीस आला. कलकत्ता आणि पुणे इथे कॉलेजच्या मुलांत काम केलं, मग वायएमसीएचं. १९०२ मध्ये तब्येतीमुळे परत गेला. अमेरिकेत एका वर्षात दोन हजार सह्या मिळवणारा माणूस इथे शिकलेल्या हिंदू तरुणांसमोर एकेकट्याशी तासन् तास बोलत बसला. इथे सह्या मिळत नव्हत्या. समोरचा मुलगा मिल वाचलेला, उपनिषदं जाणणारा, आणि त्याच्यामागे अख्खं घर उभं. त्या घराशी काही न बोलता त्याच्याशी बोलायचं कसं?

हा प्रश्न त्याच सुमारास पुण्यात कसा पेटला होता, ते बघण्यासारखं आहे. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. उच्चवर्णीय विधवा मुलींना शिकवायचं, धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलेलं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी मोठी माणसं सल्लागार होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत लेकीबरोबर बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, पण माझ्या घरात मी दार का लावू? सल्लागारांचं म्हणणं, या मुली कोवळ्या आहेत, तुमच्या आधाराने राहतात, तुमचं नुसतं दार उघडं असणं हेसुद्धा त्यांच्यावर वजनच आहे. १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

लहानपणी मी ही गोष्ट ऐकली ती फक्त रमाबाईंच्या बाजूने. शाळेत ऐकली ती फक्त दुसऱ्या बाजूने. आता सोळा वर्षांच्या मुलीचा बाप म्हणून वाचताना दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. दार उघडं असणं काही गुन्हा नव्हे. पण मुलगी आत येऊन बसतेय हे तिच्या घरी माहीत नसेल, तर ते उघडं दार अर्धंच उघडं असतं.

श्रद्धा घरावर किती जड पडू शकते, हे आपल्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. ना. वा. टिळकांच्या विचारांना वळण मिळालं ते आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशामुळे. गप्पा झाल्या, त्याने नवा करार दिला, स्टेशन आलं, उतरला. तो कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाच्याही तक्त्यावर त्या भेटीचा तारा नाही. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई पुढे काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी चालत, आपल्या वेळेला. आमच्या घरात हे पुस्तक बायबलशेजारी असायचं. आजी म्हणायची, "टिळकांची कविता गावी, पण शहाणपण लक्ष्मीबाईंकडून घ्यावं."

त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. ख्रिस्त परक्या वेषात का यावा, ही त्यांची तळमळ. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार चालला नाही. पण नोंदवही बाजूला ठेवून दार उघडं ठेवायचा तो एक प्रयत्न होता.

आणि एक शेवटची साक्ष, ती दक्षिणेची. १९१० मध्ये एडिनबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. अध्यक्षस्थानी आपला माउंट हर्मनचा मॉट. वायएमसीएत विद्यार्थ्यांचं काम करून आलेले व्ही. एस. अझारिया नावाचे पस्तिशीतले तमिळ गृहस्थ बोलायला उभे राहिले. तुम्ही आमच्यासाठी पैसा दिलात, कष्ट केलेत, जीवही दिलेत, त्याबद्दल ऋणी आहोत. पण आम्हाला प्रेम द्या, मित्र द्या, अशा आशयाचं ते बोलले. बऱ्याच जणांना ते झोंबलं. चोवीस वर्षांपूर्वी शंभर सह्यांनी सुरू झालेल्या गोष्टीला मिळालेलं ते उत्तर होतं, असं मला वाटतं. मैत्रीचा हिशेब चौकोनात मांडता येत नाही.

असो. इतिहास संपला, माझा फॉर्म राहिला.

मी आधी त्या मुलीशी बोललो. म्हटलं, "बाळा, मी तुझ्या बाबांशी बोलणार आहे. तुझ्यामागे नाही, तुला सांगून." ती चिडली. "काका, तुम्ही सगळं बिघडवणार," म्हणाली. माझी लेक दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मित्राला फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "तू सांगितलंस हे बरं केलंस. पण मला राग आलाय, आणि तो कुणावर आलाय तेच कळत नाहीये." मी म्हटलं, "माझ्यावर धर." पुढच्या शुक्रवारी त्याची बायको आली. मागच्या रांगेत बसली, शेवटपर्यंत थांबली, जाताना उरलेल्या पिझ्झाचे खोके आवरायला मदत करून गेली. कॅम्पला यंदा नको, असं त्यांनी ठरवलं. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं ती बघेल. पोरगी शुक्रवारी येते, आता घरी सांगून येते. प्रार्थनेच्या वेळी कधी बसते, कधी बाहेर पायरीवर जाऊन फोन बघते. गणपतीत आम्ही त्यांच्याकडे होतो. आरतीला ती आणि माझी लेक शेजारी शेजारी उभ्या होत्या, माझी लेक टाळ्या वाजवत होती.

तक्ता मी उतरवला. पाहुणे मार्गदर्शक नाराज झाले. माझी तळमळ कमी पडते, असं त्यांनी पाळकांना सांगितलं. पडतही असेल. माझ्या श्रद्धेबद्दल मला कुणी विचारलं तर मी आजही मोकळेपणाने सांगतो, लपवत नाही. सांगू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. रॉबर्टसारखी माणसं बोलली नसती, तर मिरजेपासून कितीतरी गोष्टी घडल्या नसत्या.

पण शुक्रवारी मुलं गिटार घेऊन बसली, की मी हल्ली बाजूच्या स्वयंपाकघरात जाऊन खुर्ची टाकून बसतो. एकेका मुलाचं नाव घेतो, त्यांच्या आईवडिलांचंही घेतो. दार उघडं असतं. ग्रेस वायल्डर कोल्हापूरची होती, एवढं तरी आपण गाववाल्यांनी लक्षात ठेवायला हवं.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक कोल्हापूरकर, मुक्काम न्यू जर्सी